ओळखपत्रांच्या प्रती : ऑनलाइन मागणी व खासगीपणा

ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी कंपन्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहनपरवाना यांची छायाचित्रे मागतात. त्या प्रथेतून ग्राहकाच्या खासगीपणाला धोका निर्माण होतो. या धोक्याचे मूळ ओळख तपासण्यात नाही, तपासणी उरकल्यावरही प्रत साठवून ठेवण्यात आहे. आधार कार्डाच्या दोन्ही बाजू दिल्या की नाव, चेहरा, जन्मतारीख, पत्ता आणि बारा अंकी क्रमांक एकाच ठिकाणी हाती लागतात. पॅन कार्डावर वडिलांचे नाव आणि सहीही असते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख बदलता येत नाही. त्यामुळे फुटलेली प्रत वर्षानुवर्षे फसवणुकीच्या कामी येऊ शकते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा ऑस्ट्रेलियातील ऑप्टस या दूरसंचार कंपनीच्या प्रकरणात मिळतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या सुमारे ९८ लाख आजी-माजी ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि त्यांतील अनेकांचे परवाना व पासपोर्ट क्रमांक उघड झाले. जोडणी बंद करून गेलेल्यांचे तपशीलही कंपनीने ठेवले होते, ही बाब इथे सर्वाधिक महत्त्वाची. लोकांना नवे वाहनपरवाने काढावे लागले, आणि त्याच वर्षी तेथील संसदेने अशा गंभीर उल्लंघनांच्या दंडाची मर्यादा सुमारे २२ लाख डॉलरवरून ५ कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या ऑनलाइन संवादमंचाने सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे फुटली असावीत असे जाहीर केले. वयासंबंधीच्या निर्णयावर दाद मागताना दिलेली ही छायाचित्रे ग्राहकसेवा सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत उघड झाली होती. आपली प्रत नेमकी कोणाच्या हाती जाते, हे ग्राहकाला सहसा कळतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की कायदाच ओळख तपासायला सांगतो. बँका व वित्तसंस्थांपुरता तो रास्त आहे. २००२ च्या काळा पैसा प्रतिबंधक कायद्यानुसार त्यांना खाते बंद झाल्यावरही पाच वर्षे नोंदी ठेवाव्या लागतात. पण हे बंधन नसलेल्या कंपन्याही हीच सबब पुढे करतात. दुसरा आक्षेप, लॉजवर आणि सिमच्या दुकानात लोक पूर्वीपासून झेरॉक्स देतच आले आहेत. मात्र खणातली झेरॉक्स एकेक करून चोरावी लागते, सर्व्हरवरच्या लाखो प्रती एकदम नेता येतात. शिवाय कागदावर वापराचे कारण आणि तारीख लिहून आडवी सही करता येते. अ‍ॅपला चारही कोपरे दिसणारा स्वच्छ फोटो हवा असतो. पर्यायही आहेत : पहिले आठ अंक झाकलेले आधार, १६ अंकी आभासी क्रमांक, क्यूआर संकेतातील सही केलेली माहिती तपासणे.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा मूलभूत हक्क मानला आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार कायद्याच्या कलम ५७ मधील खासगी कंपन्यांना मोकळीक देणारा भाग रद्द केला. नंतरच्या दुरुस्त्यांनी ही वाट काही अंशी पुन्हा खुली झाली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आवश्यक तेवढीच माहिती मागायला सांगतो आणि २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करतो. हा दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची प्रत फुटली त्या ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.