रोह्याच्या पुढची वाट

१९८६ मध्ये मुंबईकडून आलेला रूळ रोह्यापर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला. रोहा रायगड जिल्ह्यातलं. त्याच्या खाली खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी हा सारा पट्टा रेल्वेविना होता. एका पिढीने भाऊच्या धक्क्यावरून बोटी पकडल्या, आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मुंबईतच अडकून दिवस काढले. पुढच्या पिढीने मुंबई-गोवा रस्त्यावर एसटीत रात्री काढल्या. मुंबईच्या गिरण्या ज्यांच्या कष्टावर चालल्या त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं फार मोठ्या संख्येने होती. गणपतीला, शिमग्याला, घरात कुणी आजारी पडलं तर गावी धावणाऱ्या या चाकरमान्यांना स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षं उलटून गेली तरी गाडी नव्हती.

मागणी जुनी होती. अभियंते अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेतला, त्यासाठी सतत पाठपुरावा केला. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी दिल्लीत ती लावून धरली. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून गेलेले मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले, तेव्हा कोकणाला पहिल्यांदा वाटलं की आता आपली रेल्वे येणार. पण त्यांचं मंत्रिपद दोन-अडीच वर्षांतच गेलं. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून दरवर्षी थोडे थोडे पैसे घेऊन असा मार्ग बांधायचा म्हटलं तर आणखी एक-दोन पिढ्या गेल्या असत्या. १९८४ पासून दक्षिण रेल्वेने पश्चिम किनाऱ्याचं सर्वेक्षण हाती घेतलं, आधी मडगावपर्यंत आणि मग थेट रोह्यापर्यंत. १९८८ मध्ये अहवाल तयार झाला. कागद पुरे झाले, पैसा कुठून आणायचा हा प्रश्न तसाच राहिला.

त्याचं उत्तर १९९० मध्ये मिळालं आणि त्यातूनच कोकण रेल्वे महामंडळ ही संस्था जन्माला आली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष, असा योग जुळला होता. रेल्वेचा एखादा विभाग काढण्याऐवजी कंपनी काढायची असं ठरलं. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. बाकी पैसा रोख्यांतून उभा करायचा, मार्ग बांधायचा, चालवायचा आणि मिळकतीतून कर्ज फेडायचं. ई. श्रीधरन अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक झाले. १५ सप्टेंबरला रोह्याला पायाभरणी झाली.

हा निर्णय धाडसाचा होता आणि त्याशिवाय मार्ग झाला नसता, हे मी आजही ठामपणे म्हणेन. पण त्याची किंमत पहिल्या दिवसापासून प्रवाशांनी मोजली. कर्ज फेडायचं म्हणून या मार्गावर भाडं आकारताना अंतर प्रत्यक्षापेक्षा ४० टक्के जास्त धरलं गेलं. शंभर किलोमीटर जाणाऱ्याने एकशे चाळीस किलोमीटरचं तिकीट काढायचं. स्वातंत्र्यानंतर देशात इतरत्र रेल्वे बहुतेक सरकारी तिजोरीतून आली. कोकणात ती कोकणी माणसाच्या खिशातून फेडली गेली. लांबवर जाणाऱ्या गाड्या, मालगाड्या, ट्रक वाहून नेणारी रो-रो सेवा यांतून उत्पन्न येतं. आडवली ते राजापूर रोड असा प्रवास करणाऱ्या शाळकरी मुलाकडून ते येत नाही. उत्पन्न आणि स्थानिक प्रवाशाची सोय यांच्यातली ही ओढाताण पुढच्या साऱ्या वाटचालीत दिसते.

बांधकामाची कथा कोकणात घरोघरी सांगितली जाते. चाळीस हजारांहून अधिक जमीनमालकांकडून जमीन घेतली गेली, तीही बहुतेक ठिकाणी झपाट्याने. महामंडळाची माणसं गावागावांत जाऊन बसली, बोलली, मोबदला लवकर हातात दिला. गोव्यात मात्र खाडीकाठच्या खाजण जमिनी आणि जुनी गावं वाचवण्यासाठी मार्गाला मोठा विरोध झाला, त्यात वेळ गेला. एकूण ९१ बोगदे, दोन हजारांच्या आसपास पूल. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कठीण कातळातला, पण खरा छळ केला तो मऊ मातीच्या नऊ बोगद्यांनी. खणलेली माती पाण्यासह परत आत यायची, कालचं काम आज बुजलेलं असायचं. पेडण्याच्या बोगद्याने सर्वांत शेवटपर्यंत तंगवलं. या कामात जीव गमावलेल्यांचं स्मारक रत्नागिरी स्थानकाच्या परिसरात आहे. गाडीला वेळ असेल तर तिथे पाच मिनिटं जरूर थांबावं.

मार्ग तुकड्यातुकड्याने खुला झाला. दक्षिणेत मार्च १९९३ मध्ये मंगळूर-उडुपी, उत्तरेत त्याच वर्षी रोहा-वीर, मग १९९५ मध्ये खेड, आणि १९९६ च्या अखेरीस सावंतवाडी. २६ जानेवारी १९९८ पासून रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा सगळा मार्ग धावू लागला. पायाभरणीपासून जवळपास साडेसात वर्षं.

आखणीतला एक निर्णय मात्र प्रवाशाच्या दृष्टीने नीट समजून घ्यायला हवा. मार्ग ताशी १६० किलोमीटर वेगासाठी आखला गेला. त्यासाठी वळणं मोठ्या त्रिज्येची हवीत, चढ सौम्य हवा. म्हणून रूळ गावांच्या मागे वळला नाही; डोंगर फोडत, दऱ्या ओलांडत तो सरळ गेला. अभियंत्यांनी पुढच्या शंभर वर्षांचा विचार केला आणि तो योग्यच होता. पण त्यामुळे राजापूर रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड, सावंतवाडी रोड अशी ‘रोड’वाली स्थानकं जागोजागी झाली. रत्नागिरीचं स्थानकही शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला. गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ला तर आणखी लांब. पहाटे साडेतीनला गाडीतून उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाने पुढे गावात जायचं कसं, हा प्रश्न रेल्वेचा की एसटीचा, यावर दोन्हीकडून बोट दाखवलं गेलं. गाडीच्या वेळेला जोडून सुटणारी एसटी हे इतकं साधं नियोजन आहे, तरी ते काही स्थानकांपलीकडे कधी नीट रुजलं नाही.

पावसाने संस्थेला पहिला मोठा धडा दिला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कटिंगमधून कोसळलेल्या दगडांवर कारवारहून मुंबईला निघालेली विशेष गाडी आदळली आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. वर्षाच्या आत, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. बांधून पूर्ण झालेला मार्ग डोंगर दरवर्षी नव्याने तपासतो, हे तेव्हापासून महामंडळाने कामाच्या मुळाशी ठेवलं. कटिंगचे उतार कमी केले, कड्यांवर जाळ्या बसवल्या, पाणी वरच्या वर वळवणाऱ्या चरांची कामं झाली. माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली अशा ठिकाणी पर्जन्यमापक, पानवलच्या ६४ मीटर उंच पुलावर वारा मोजणारं यंत्र, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा. पण या सगळ्याच्या मुळाशी आहे तो गस्तीचा माणूस. रेनकोट, बॅटरी, लाल-हिरवा दिवा, वॉकीटॉकी आणि इशाऱ्यासाठी रुळावर लावायचे फटाके घेऊन तो मुसळधार पावसात आपल्या हद्दीतून चालतो, कड्याकडे बघतो, पाण्याचा रंग बघतो. गढूळ झालं तर वर कुठेतरी माती सुटलीय. त्याचा निरोप आला की गाडी थांबते.

पावसाळी वेळापत्रक यातूनच येतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ पासून १५ जून ते २० ऑक्टोबर झालं. वेग कमी, प्रवास लांब. कोकणी माणूस त्याबद्दल फारशी तक्रार करत नाही. त्याची तक्रार वेगळी आहे, आणि तिचं मूळ एकेरी रुळात आहे.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांमधल्या तुकड्यात एका वेळी एकच गाडी असते. ती पलीकडच्या स्थानकात पोहोचेपर्यंत दुसरी सोडता येत नाही. समोरून येणारीला वाट द्यायची तर एका गाडीला लूप लाइनवर बाजूला काढावं लागतं. कुणाला काढायचं? सहसा पॅसेंजरलाच. विलवड्याला दिवा-सावंतवाडी उभी राहिली की लोक डब्यातून उतरतात, बाटल्या भरून घेतात, कुणीतरी विचारतं, “क्रॉसिंग कुणाची?” उत्तर येतं, “राजधानी.” राजधानी धडधडत निघून जाते, तरी सिग्नल पडत नाही, मागून आणखी एक यायची असते. मुलं रडू लागतात, बायका डबे उघडतात, आणि ही गाडी वेळेवर पोहोचेल अशी आशा कुणी ठेवत नाही.

महामंडळाने यावर दोन उपाय केले. एक, लांब तुकड्यांच्या मध्ये नवी क्रॉसिंग स्थानकं बांधली: इंदापूर, गोरेगाव रोड, सापे वामने, कळंबणी, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे आणि कर्नाटकात मिर्जान, इन्नंजे. पंधरा किलोमीटरचा तुकडा सात-आठचा झाला की तेवढ्याच रुळावर जास्त गाड्या मावतात. शिवाय कडवई, खारेपाटणसारख्या गावांना स्वतःचं स्थानक मिळालं, ही त्यातली मोठी गोष्ट. दुसरा उपाय दुहेरीकरणाचा. रोहा ते वीर हे जवळपास ४७ किलोमीटर ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाले. वीरच्या पुढे अजून एकेरीच. बोगदे आणि पूल पुन्हा बांधायचे, तर कर्ज फेडत आलेल्या कंपनीच्या ताकदीबाहेरचा खर्च. विद्युतीकरण मात्र सगळ्या मार्गाचं झालं आणि २० जून २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. २०१७ मध्ये तेजस, २०२३ मध्ये वंदे भारत गोव्यापर्यंत धावू लागली. चांगल्या गाड्या आहेत. पण ज्या स्थानकावर त्या थांबत नाहीत तिथल्या माणसासाठी त्या आणखी एका क्रॉसिंगचं कारण आहेत.

आणखी एक अडचण मुंबईच्या तोंडाशी आहे. रोह्याच्या अलीकडचा मार्ग मध्य रेल्वेचा. दिव्यापासून पुढे लोकलची गर्दी, टर्मिनसवर फलाट अपुरे. म्हणून रत्नागिरी पॅसेंजर, जी पूर्वी दादरपर्यंत जायची, ती कोरोनानंतर दिव्यालाच संपू लागली. बोचकी, नारळ, आजीचा हात धरून दिव्याच्या पुलावरून लोकलकडे जाणाऱ्यांना विचारा, हा बदल वेळापत्रकातल्या एका ओळीचा आहे का. इथे दोन संस्थांच्या मध्ये प्रवासी सापडतो. गणपतीत हे सगळं एकदम उघडं पडतं. २०२५ मध्ये रेल्वेने ३८० विशेष फेऱ्या जाहीर केल्या. त्यातल्या बहुतेक याच मार्गासाठी. दहा-पंधरा दिवस एवढ्या गाड्या चालवता येतात हे कर्मचाऱ्यांचं खरं कसब. मग उरलेल्या साडेअकरा महिन्यांत रोज सकाळी चिपळूणहून रत्नागिरीला आणि सावंतवाडीहून कणकवलीला कामावर, कॉलेजला जाणाऱ्यांसाठी एक-दोन मेमू का नसाव्यात? कोकणातल्या कोकणात ये-जा करणारा प्रवासी आराखड्यात अजून जवळपास नाहीच. सावंतवाडी टर्मिनसची पायाभरणी सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना २०१५ मध्ये झाली. ते पूर्ण झालं तर गाड्या तिथून सुटतील, तिथेच धुतल्या जातील, आणि मडगावपर्यंत जाण्याची सक्ती उरणार नाही. ते रखडलंय.

आणि देशावर जायचं असेल तर? कोल्हापूर आणि रत्नागिरी हे शेजारी जिल्हे, पण रेल्वेने जायचं तर पुण्यावरून पनवेलला उतरून पुन्हा खाली यावं लागतं, नाहीतर मिरज-लोंढ्यावरून गोव्यात जाऊन वर. सुमारे १०७ किलोमीटरचा कोल्हापूर-वैभववाडी मार्ग २०१६ च्या अंदाजपत्रकात आला, कऱ्हाड-चिपळूणचीही घोषणा झाली. सह्याद्री ओलांडणारं एकही काम प्रत्यक्ष मार्गी लागलेलं नाही.

मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने महामंडळाच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाला संमती दिली. इतर राज्यांची आधीच आली होती. ‘कोकण रेल्वे’ हे नाव कायम ठेवावं आणि राज्याने घातलेले ३९६.५४ कोटी रुपये परत मिळावेत, अशा अटी राज्याने घातल्या. नाव राहिलंच पाहिजे. पण त्या अटींत मला आणखी काही वाचायला आवडलं असतं: वीरपासून पुढच्या दुहेरीकरणाला तारीख, सावंतवाडी टर्मिनसला निधी, रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत, आणि कोल्हापूर-वैभववाडीचं काम पहिल्या अंदाजपत्रकातच. विलीनीकरणानंतर रोह्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकच मालक असेल, तेव्हा हे दुसऱ्याच्या हद्दीतलं काम आहे असं कुणालाही म्हणता येणार नाही.