बधिरता, हाताची (कुही तालुका)

हाताच्या किंवा बाहूच्या त्वचेवरील स्पर्श, उष्णता आणि वेदना यांची जाणीव मंदावणे अथवा सर्वथा नाहीशी होणे. मुंग्या येणे, हात झोपणे, हात सुन्न पडणे अशा शब्दांत ही तक्रार सांगितली जाते. मेंदूपासून मानेच्या मणक्यांतून निघून कोपर व मनगट यांवाटे बोटांच्या अग्रांपर्यंत पोहोचणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गात कोठेही दाब, दाह, इजा किंवा रक्तपुरवठ्याची न्यूनता उत्पन्न झाली, म्हणजे हे लक्षण प्रकट होते. हात अंगाखाली दबून आलेली आणि हात हलविताच ओसरणारी बधिरता दखल घेण्याजोगी नसते; परंतु जी वारंवार परतते, टिकून राहते किंवा एकाएकी उद्भवते, तिची तपासणी अवश्य व्हावी. दुखणे मनुष्याला दवाखान्यात नेते, बधिरता मात्र त्याला घरीच स्वस्थ बसवते. आणि या स्वस्थतेतच तिचा खरा धोका आहे.

प्रदेश व श्रम : नागपूरच्या आग्नेयेस, वैनगंगेच्या पश्चिमेकडे पसरलेल्या कुही तालुक्यात धान आणि मिरची ही पिके महत्त्वाची आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून केलेले काम आणि पुढे मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागी, बसून देठ खुडण्याचे काम, ही दोन्ही मुख्यतः स्त्रियांच्या हातची. खुडण्यात अंगठा व तर्जनी यांची तीच ती हालचाल दिवसभर चालते. मनगटाच्या अरुंद बोगद्यातून जाणारा मज्जातंतू तेथे दाबला गेला, तर अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो, करंगळी सुटते. रात्री झोपेतून जाग येते आणि हात झटकल्यावर बरे वाटते. गर्भारपण, मधुमेह आणि थायरॉइडची मंदता यांत ही व्याधी अधिक आढळते. तिच्या उत्पत्तीत श्रमाचा वाटा किती, याविषयी एकमत नाही. हातास विसावा आणि रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी यांनी पुष्कळांना आराम पडतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा खोलगट दिसू लागल्यास अधिक विलंब करू नये.

कुष्ठरोग : विदर्भात हाताच्या बधिरतेचा विचार या रोगाला वगळून करता येत नाही. वर्ध्याजवळील दत्तपूर येथे 1936 साली मनोहर दिवाण यांनी महारोग्यांच्या सेवेचे केंद्र उभारले. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वहस्ते केली. 1946 साली अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांचे तपोवन आणि 1949 साली वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचे आनंदवन सुरू झाले. 1951 साली वर्ध्यास स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानात डॉ. वारडेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या त्रिसूत्रीची पद्धत बसवली. रोग्याने दाराशी येण्याची वाट न पाहता कार्यकर्त्याने घरोघर जाऊन चट्टे शोधावेत, हे तिचे मर्म होते. 1955 साली आरंभलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमानेही पुढे हाच मार्ग धरला. आश्रमांची कीर्ती सर्वत्र पोहोचली, तथापि बोटे वाचविण्याचे श्रेय मुख्यतः या घरोघरच्या शोधालाच दिले पाहिजे.

रोगाचा जंतू नॉर्वेतील हॅन्सेन यांनी 1873 साली दाखवला. तो थंड त्वचेत व वरवरच्या मज्जातंतूंत अत्यंत सावकाश वाढतो. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत कित्येक वर्षे लोटतात. कोपराच्या आतील बाजूस हाडालगत जाणारा तंतू त्याच्या आघाताचे नेहमीचे स्थान होय. तो सुजून दोरीसारखा जाड लागतो, करंगळी व अनामिका बधिर होतात आणि पुढे बोटे आत वळतात. त्वचेवरील फिकट किंवा तांबूस चट्टा बहुधा खाजत नाही, दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्षिला जातो. चुलीवरून भांडे उतरवताना बोट भाजले आणि फोड आल्यावरच ते कळले, ही हकीकत कुणी सांगितली, तर ऐकणाऱ्याने त्याला आठवड्याच्या आत तपासणीस न्यावे.

तपासणीस यंत्र लागत नाही. रोग्यास डोळे मिटावयास सांगून बॉलपेनच्या टोकाने त्वचेला हलकेच स्पर्श करतात आणि स्पर्श झाला ती जागा त्याने बोटाने दाखवावयाची असते. करंगळी व अनामिका यांत कागद धरावयास देऊन तो ओढला की पकडीचे बळही समजते. शरीराच्या दोन्ही बाजूंची तुलना आवश्यक.

1980 च्या दशकात रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमीन यांचा बहुविध औषधोपचार प्रचारात आला. रोगाच्या प्रकारानुसार त्याची मुदत 6 किंवा 12 महिन्यांची असून सरकारी दवाखान्यांत तो विनामूल्य मिळतो. डिसेंबर 2005 मध्ये देशातील प्रमाण दर 10,000 लोकसंख्येमागे एकाहून खाली आल्यावर सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. पूर्व विदर्भात मात्र नवे रोगी पुढेही सापडत राहिले. औषध जंतूला मारते, मेलेल्या मज्जातंतूला जिवंत करीत नाही. बधिरता किंवा दुर्बलता 6 महिन्यांच्या आतील असेल, तर स्टिरॉइडच्या इलाजाने जाणीव परतण्याची आशा असते. त्यानंतर ही आशा झपाट्याने ओसरते. उपचार चालू असताना तंतू दुखू लागल्यास वा नवी बधिरता आल्यास तत्क्षणी कळवावे; गोळ्या स्वतः होऊन बंद करू नयेत.

मधुमेह : प्रथम पावले, नंतर हात बधिर होतात; रक्तातील साखर तपासावी.

मानेचे विकार : मान वळविताच बाहूत कळ जाणे ही खूण. दोन्ही हात बधिर असून चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरील ताबा सुटत असेल, तर मज्जारज्जूवर दाब असण्याचा संभव धरून त्याच दिवशी इस्पितळ गाठावे.

लाखोळी : या डाळीच्या दीर्घकालीन अतिसेवनाने होणारा कलायखंज पायांचा विकार आहे, हाताच्या बधिरतेचा दोष तिला देऊ नये.

केव्हा जावे : (1) तासाचाही विलंब नको — एका बाजूचा हात एकाएकी बधिर वा लुळा होणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हा पक्षाघात होय आणि गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. काही मिनिटांत सर्व पूर्ववत झाले तरी जावे. छातीतील कळेसह डाव्या हातात मुंग्या, हात थंड व पांढरा पडणे, अपघातानंतरची बधिरता, तसेच हातापायांत मुंग्या येऊन दुर्बलता दिवसागणिक चढत जाणे, हेही याच वर्गात मोडते. यांतील शेवटचे लक्षण 2025 च्या आरंभी पुण्यातील गिलाँ-बारे रोगाच्या साथीमुळे सर्वपरिचित झाले. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि थेट नागपूरच्या मोठ्या इस्पितळाची तजवीज करावी. (2) आठवड्याच्या आत — बधिर चट्टा, नकळत भाजणे, बटण लावता न येणे, वस्तू हातातून निसटणे. (3) दोन-तीन आठवडे वारंवार येणाऱ्या मुंग्या, विशेषतः रात्रीच्या, कुहीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवाव्यात.

मालिश व जीवनसत्त्वांची सुई : निदानापूर्वी घेतल्यास बहुमोल महिने वाया जाण्याची भीती. बधिर हात शेकणे वर्ज्य.