ट्रंकेतला लष्करी कोट आणि डांबराच्या गोळ्या

औट्रमने १८२५ मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली, तेव्हापासून खानदेशाचे लष्कराशी नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. अशा एखाद्या आजोबांचा लोकरी कोट ट्रंकेत सापडला, की नातवाला तो धुऊन काचेच्या कपाटात लावावासा वाटतो. जरा थांबा.

सैनिकाच्या कपड्यांची धास्ती डॉक्टरांना फार पूर्वीपासून. टायफस (आपला टायफॉइड नव्हे) अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्यूनिसमध्ये दाखवले. या उवा कपड्याच्या शिवणीत राहतात. म्हणूनच १९४३-४४ च्या हिवाळ्यात नेपल्समध्ये साथ आली, तेव्हा लाखो लोकांच्या अंगावरच्या कपड्यांत डीडीटीची भुकटी मारली गेली.

माणसाचे रक्त मिळाले नाही तर त्या उवा आठवडाभरात मरतात. आज त्यांची भीती नाही. भीती आहे ती जुन्या कीटकनाशकांची आणि बुरशीची. कोट झटकू नका. मास्क, हातमोजे घालून ट्रंक बाहेर सावलीत उघडा. भुकटी दिसली तर कोट पिशवीत बंद करून वस्तुसंग्रहालयातल्या जाणकारांना विचारा. नुसती धूळ असेल तर मऊ ब्रशने हलके काढा. गरम पाण्यात लोकर आटते, रंगही जातो.

आणि डांबराच्या गोळ्या! त्यातल्या नॅप्थलीनमुळे जी-सिक्स-पीडी कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात. हा जन्मजात दोष आपल्याकडे दुर्मीळ नाही. त्यामुळे फोटोपुरताही तो कोट मुलांना घालू नका, त्याच ट्रंकेतली गोधडी बाळाला तर नकोच. डोळे पिवळे दिसले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्यांचे आवर्जून सांगा.