नकाराचा कागद: दिव्यांगांच्या अपिलाचा इतिहास 🧵

१/ जालना जिल्ह्यातील एखाद्या दिव्यांग व्यक्तीचा प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळला गेला, तर तिच्या हाती काय उरते? कायदा तीन गोष्टी देतो: लेखी नकार, अपील आणि मोफत वकील. त्या जमून येण्यास चार दशके लागली.

२/ १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला. गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये, ही जबाबदारी राज्यावर आली. मात्र हे मार्गदर्शक तत्त्व होते. त्याच्या आधारे थेट न्यायालयात हक्क मागता येत नव्हता.

३/ १९७८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला आला. निकालाची प्रत आपल्याला वेळेवर मिळालीच नाही, अशी कैद्याची तक्रार होती. त्याची याचिका फेटाळली गेली. तरीही न्या. कृष्ण अय्यर यांनी नियम घालून दिला: कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य द्यावी आणि गरजूला अपिलासाठी वकील द्यावा. प्रतीवाचून अपील पोकळ ठरते, हे त्यातले मर्म. हा नियम मात्र फौजदारी शिक्षेपुरता होता.

४/ १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच ऑगस्टमध्ये औरंगाबादला उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. कचेरी आणि न्यायालय जवळ आले, पण वकिलाची फी परवडण्याचा प्रश्न तसाच राहिला.

५/ त्याचे उत्तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ मध्ये होते. तो ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आला. कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्ती मोफत विधी साहाय्यास पात्र ठरली, आणि तेही उत्पन्नाची अट न लावता.

६/ उरलेला दुवा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने जोडला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम ५८ प्रमाणे दिव्यांगत्व नसल्याचा निर्णय लेखी कळवावा लागतो. कलम ५९ त्याविरुद्ध अपिलाची वाट देते. निराधार अनुदानासाठी किमान ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते, म्हणून खरा निवाडा बहुधा तिथेच होतो.

७/ या इतिहासातील सर्वांत दुबळी कडी आजही कागदाचीच आहे. ‘बसत नाही’ असे तोंडी ऐकून अर्जदार मंठ्याला किंवा भोकरदनला परतला, तर अपील कशाविरुद्ध करायचे? लेखी नकार मागणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी जालन्याच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाची.