कुओमिंतांगचे नेतृत्व आणि महाराष्ट्रातील दोन डॉक्टर

१ सप्टेंबर १९३८ रोजी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने मुंबई बंदरातून चीनला जे वैद्यकीय पथक रवाना केले, त्यातील पाच डॉक्टरांपैकी द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे आणि चोळकर नागपूरचे होते. हे पथक ज्या सरकारच्या देशात उतरले, ते कुओमिंतांग या चिनी राष्ट्रवादी पक्षाचे सरकार असल्यामुळे, पथकाच्या वाट्याला आलेले स्वागत आणि अडथळे हे दोन्ही समजण्यासाठी त्या पक्षाचे नेतृत्व कसे घडले ते पाहावे लागते.

१९११ च्या क्रांतीनंतर १९१२ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाचे निवडणुकीतील सूत्रधार सुंग च्याओ-रेन होते. मार्च १९१३ मध्ये त्यांची हत्या झाली आणि राष्ट्राध्यक्ष युआन श-काय यांनी त्याच वर्षी पक्षावर बंदी घातली. मतपेटीतून सत्ता मिळवण्याचा मार्ग असा सुरुवातीलाच खुंटला. संस्थापक सन यत्-सेन यांनी राष्ट्रवाद, लोकशाही आणि जनतेची उपजीविका ही त्रिसूत्री मांडली. मात्र लष्करी राजवट, मग पक्षाच्या देखरेखीखालील राजकीय शिक्षणाचा काळ आणि शेवटी संविधानी राज्य, असा टप्प्याटप्प्याचा क्रमही त्यांनीच आखला. १९२४ मध्ये सोव्हिएत सल्लागारांच्या मदतीने पक्षाची पुनर्रचना झाली, व्हाम्पोआ येथे लष्करी विद्यालय निघाले आणि चँग कै-शेक त्याचे प्रमुख झाले.

१२ मार्च १९२५ रोजी सन यांचे निधन झाले, तेव्हा वारसा हक्काने सांगू शकतील असे वांग चिंग-वेइ, हू हान-मिन आणि लिआओ चुंग-काई हे तिघे होते, आणि तिघेही लेखणी व संघटन यांच्या बळावर मोठे झालेले होते. पण लिआओ यांची त्याच वर्षी हत्या झाली आणि पुढे सत्ता गेली ती ज्याच्या हाती फौज होती त्याच्याकडे. एप्रिल १९२७ मध्ये चँग यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल घडवून आणली आणि नानकिंगला आपले सरकार बसवले. या पक्षाच्या इतिहासातील सर्वांत घातक वळण तेच म्हणावे लागेल, कारण त्यानंतर पक्ष हा सेनापतीचा आधार उरला, त्याच्यावरचा अंकुश राहिला नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये शीआन येथे चँग यांना त्यांच्याच सेनानींनी अटकेत ठेवले, आणि त्यातून जपानविरुद्ध कम्युनिस्टांशी संयुक्त आघाडी करण्याचा मार्ग खुला झाला. सन यांचे पक्षप्रमुखपद त्यांच्या स्मृतीसाठी कायमचे राखून ठेवलेले असल्याने, १९३८ च्या वसंतात वूहान येथील अधिवेशनाने चँग यांच्यासाठी सर्वोच्च नेत्याचे नवे पद निर्माण केले.

भारतीय पथकामागे कम्युनिस्ट सेनापती चू दे यांनी नेहरूंकडे केलेली मदतीची विनंती होती. १७ सप्टेंबर १९३८ ला पथक ग्वांगचौ येथे पोहोचले, तेव्हा सन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वागताला आल्या; त्या स्वतः चँग यांच्या धोरणाच्या कडव्या विरोधक होत्या. येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे: ज्या महिन्यात काँग्रेसचे डॉक्टर चीनमध्ये उतरत होते, त्याच महिन्यात निजामाने हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी घातली. पारतंत्र्यातील जनता परदेशातील लढ्याला हातभार लावत होती, हे त्या काळाचे मोठेपण होय.

हांकौ, इचांग, चुंगकिंग असा प्रवास करून, सरकारी गोटाला पसंत नसतानाही, डॉक्टर फेब्रुवारी १९३९ मध्ये कम्युनिस्टांच्या ताब्यातील येनानला पोहोचले. चोळकर लवकरच परतले. कोटणीस मात्र कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या आघाडीवर गेले, जानेवारी १९४१ मध्ये कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मरण पावले. कोटणीस त्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्याच महिन्यात चँग यांच्या सैन्याने कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेच्या मुख्यालयाच्या तुकडीवर हल्ला केला आणि संयुक्त आघाडी नावापुरती उरली.

वांग यांनी तर जपानशी हातमिळवणी करून १९४० मध्ये नानकिंगला बाहुले सरकार थाटले होते. १९४९ मध्ये कम्युनिस्टांकडून पराभूत झालेला पक्ष तैवानला गेला. १९७५ मध्ये चँग यांच्या निधनानंतर नेतृत्व त्यांचे पुत्र चँग चिंग-कुओ यांच्याकडे आले, १९८८ मध्ये ते ली तेंग-हुइ यांच्याकडे गेले, आणि २००० मध्ये अध्यक्षीय निवडणूक हरल्यानंतरच, २००१ मध्ये, पक्षाचा अध्यक्ष प्रथमच सदस्यांच्या थेट मतदानाने निवडला गेला.