ग्रामीण बँकशाखा आणि आर्थिक वाढ (भारत)

रास्त व्याजाचे कर्ज आणि बचत ठेवायला सुरक्षित जागा गावाजवळ मिळाली, तर आर्थिक वाढीला हातभार लागतो का, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. बँका मुळात भरभराटीच्या ठिकाणी जातात. तेव्हा शाखा आली म्हणून गाव सुधारले, की गाव सुधारत होते म्हणून शाखा आली, हे सांगणे कठीण. भारतात हा गुंता एका नियमामुळे बराच सुटला. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने घातलेल्या नियमानुसार, बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी काढणे भाग पडले. १९९० पर्यंत चाललेल्या या सक्तीने बँका एरवी गेल्या नसत्या अशा मागास राज्यांत पोहोचल्या. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमका हाच बदल पकडला. ग्रामीण शाखा वाढल्या तिथे गरिबी घटली आणि शेतीबाहेरचे उत्पादन वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

कारण हिशेबातच आहे. सावकाराचे व्याज महिना शेकडा पाच असेल, तर वर्षाला साठ टक्के होतात. एवढा नफा शिलाई मशीन किंवा दुभती म्हैस क्वचितच देते, म्हणून असे कर्ज आजारपणात आणि लग्नकार्यात जिरते, धंद्यात जात नाही. डब्यात ठेवलेली बचतही कुणाचे भांडवल होत नाही.

या धोरणाची किंमत मोठी होती, हा आक्षेप खरा आहे. थकबाकी साचली, १९९० च्या कर्जमाफीने परतफेडीची शिस्त आणखी ढासळली. पण हा दोष कर्ज वाटण्याच्या आणि वसुलीच्या पद्धतीचा. शाखा जवळ असण्याचा नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नुसते खाते म्हणजे सेवा नव्हे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतून कोट्यवधी खाती उघडली, तरी जागतिक बँकेच्या २०२१ च्या पाहणीत भारतातील सुमारे एक तृतीयांश खातेदारांनी वर्षभरात खाते वापरलेच नव्हते. म्हणून मोजायची ती खात्यांची संख्या नव्हे, त्यांतली उलाढाल. मध्य प्रदेशातील एका प्रयोगात रोजगार हमीची मजुरी नवऱ्याच्या नव्हे तर बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागली आणि ते खाते वापरायलाही तिला शिकवले गेले. अशा स्त्रिया पुढे घराबाहेर अधिक काम करू लागल्या, रोजगार हमीवर आणि खाजगी मजुरीवरही.