पदनामांचे एकीकरण आणि सेवकवर्ग : १९५६ नंतरचे महसूल खाते

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात येऊन जुन्या मध्यप्रदेशातील विदर्भाचे आठ व हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात समाविष्ट झाले. प्रदेशाची जोडणी एका दिवसात झाली. परंतु भिन्न परंपरांत वाढलेल्या सेवकवर्गाला एका ज्येष्ठतासूचीत बसविण्याचे काम दीर्घकाळ चालले. महसूल खात्यातील पदनामांच्या आधारे या कामाचे स्वरूप तपासणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मुंबई राज्यात तालुक्याचा अधिकारी मामलेदार, तर विदर्भ-मराठवाड्यात तो तहसीलदार; मुंबईकडे गावचे दप्तर तलाठी ठेवी, तिकडे पटवारी. मामला म्हणजे कारभार व तहसील म्हणजे वसुली. दोन्ही शब्द अरबी-फारसीच्या परंपरेतून मराठीत रुजलेले. कोशकाराला त्यांची समानार्थकता नोंदवून थांबता येते. प्रशासनाला तसे थांबता येत नाही. कारण दोन पदे समान ठरविताच त्यांवरील व्यक्तींचा परस्परक्रमही ठरवावा लागतो.

म्हणून पदांच्या समीकरणासाठी चार कसोट्या मानल्या गेल्या : कामाचे स्वरूप, अधिकार व कार्यक्षेत्राचा विस्तार, भरतीची किमान अर्हता आणि वेतन. शिवाय राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११५ नुसार, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून सेवाशर्तींत कर्मचाऱ्यास अहितकारक बदल करण्यास प्रतिबंध होता. सेवकांच्या गाऱ्हाण्यांच्या विचारार्थ सल्लागार समित्यांचीही तरतूद होती.

तथापि या संरक्षणाची मर्यादा पुढे स्पष्ट झाली. हैदराबाद राज्यातून आलेल्या काही तहसीलदारांनी, नव्या नियमांमुळे उपजिल्हाधिकारीपदी बढती मिळण्याची आपली शक्यता घटली, अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापुढे मांडली. १९७४ च्या निर्णयसंग्रहांत प्रसिद्ध झालेल्या या निकालात सेवाशर्तींच्या मुद्द्यापुरते न्यायालयाने असे म्हटले की, बढतीची केवळ संधी ही सेवाशर्त नव्हे. ती कमी झाल्याने कलम ११५ चा भंग होत नाही. वेतन व दर्जा यांना कायद्याचा आधार होता. नोकरीत शिरताना मनुष्य जी वाट डोळ्यांपुढे ठेवतो, तिला तो नव्हता.

दरम्यान शब्दांचा निवाडा होऊन गेला होता. १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तालुक्यासाठी 'तहसीलदार' व गावासाठी 'तलाठी' ही पदनामे स्वीकारली. म्हणजे एक शब्द पूर्वेकडचा, एक पश्चिमेकडचा. तहसीलदार हे नाव सर्व राज्याचे झाले, पण ते नाव घेऊन आलेल्या मराठवाड्यातील काही अधिकाऱ्यांना बढतीच्या क्रमासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. यावरून असे दिसते की, परिभाषेतील समतोल हा सेवकांना मिळालेल्या न्यायाचा पुरावा मानता येत नाही. प्रशासकीय परिभाषेच्या अभ्यासकाने म्हणूनच कोशाबरोबर ज्येष्ठतासूचीही वाचली पाहिजे.